पाचवी ओळ पाठ असलेली माणसं

अंगात ताप असताना कधीच कामावर गेला नाही, असा माणूस आपल्यात विरळाच. सकाळी घसा धरलेला असतो, डोकं जड झालेलं असतं, घरचे म्हणतात, "आज राहू दे," आणि आपण एका हाताने गोळी तोंडात टाकत दुसऱ्या हाताने चप्पल शोधत असतो. भीती तापाची नसतेच. ती असते कळवायच्या फोनची, आणि पलीकडून येणाऱ्या त्या एका उद्गाराची: "अच्छाऽ, आजारी आहात का?" त्या "अच्छा"मध्ये जे काही भरलेलं असतं ना मंडळी, ते कुठल्याही गोळीने उतरत नाही.

ही गोष्ट एका कारखान्याची. तिथे असा फोन सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

कारखाना चष्म्याच्या भिंगांचा. आत शिरलं की ओल्या काचेचा वास, चाकांची घरघर आणि पांढरट पाणी वाहणाऱ्या पन्हळी. लांबलचक सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर पाच माणसं. कुणी भिंग घासतं, कुणी पॉलिश करतं, कुणी दिव्यासमोर धरून ओरखडा आहे का बघतं. शिवाय यंत्रं सांभाळणारे म्हातारे मिस्तरी. या सगळ्यांची हजेरी लिहायला एक बाई नव्याने कामाला लागल्या. वय तिशीचं, आवाज बारीक, आणि स्वभाव असा की एक उत्तर मिळालं की त्यातून तीन प्रश्न काढायचे. आठवड्याच्या आत लोकांनी त्यांचं बारसं करून टाकलं, चौकशीताई!

"ताई, तुम्ही घरीसुद्धा अशाच का हो?" पॉलिशवाल्या दादाने एकदा विचारलं.

"अशाच म्हणजे?"

"बघा, झाली सुरुवात!" तो म्हणाला, आणि सगळं टेबल हसलं.

तर या चौकशीताईंच्या कपाटात दोन वह्या होत्या. एक यंत्रांच्या दुरुस्तीची. ती फुगून पोळ्यांच्या चळतीसारखी झालेली. आज या चाकाचा पट्टा बदलला, उद्या त्याला तेल दिलं, परवा तिसरं दिवसभर बंद. दुसरी वही माणसांच्या आजारपणाच्या रजेची. ती त्यांनी उघडली. पहिलं पान कोरं. दहावं कोरं. शेवटचंही कोरं!

ताईंना आधी वाटलं, चुकीची वही हातात आली. मग त्या वही घेऊन मिस्तरींकडे गेल्या.

"मिस्तरी काका, इथे यंत्रं सारखी आजारी पडतात आणि माणसं कधीच नाहीत. हे कसं काय?"

मिस्तरींनी पान्याला लागलेलं तेल फडक्याला पुसलं. "यंत्राला बिचाऱ्याला फलक वाचता येत नाही ना," एवढंच बोलले आणि परत खाली वाकले.

फलक दारातच होता. वर सोनेरी अक्षरांत "निरोगी टेबल" आणि खाली फोटो. मालकांची ही स्वतःची कल्पना, आणि तिचा त्यांना फार अभिमान. नियम असा, की वर्षभरात टेबलावरच्या पाचांपैकी एकानेही आजारपणाची रजा घेतली नाही, तर त्या टेबलाला वर्षअखेर चार दिवसांची भरपगारी सुट्टी. एकाने एक दिवस जरी घेतली, तरी पाचही जणांची सुट्टी गेली. त्या चार दिवसांखेरीज, साप्ताहिक सुट्टी सोडली तर, दुसरी कसलीही रजा नाही. सगळ्यांत वर मालकांचा स्वतःचा फोटो: "सहा वर्षं, एकही रजा नाही."

वाचकहो, मालक काही राक्षस नव्हते. सकाळी देवाला हात जोडल्याशिवाय कुलूप उघडत नसत, कुणाच्या घरी कार्य असलं तर आहेर घेऊन हजर. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण लोकांना निरोगी राहायला शिकवलं! आपल्या हातून होणारा अन्याय बहुतेक वेळा असाच असतो. आपण त्याला छानशी चौकट करून भिंतीवर टांगलेलं असतं.

चौकशीताईंना मात्र चैन पडेना. त्या येता-जाता टेबलांकडे बघू लागल्या, आणि बघणाऱ्याला दिसू लागतंच. एक जण खोकला आला की मुद्दाम घरघरणाऱ्या चाकापाशी जायचा, म्हणजे आवाज बुडतो. एकीच्या मनगटाला फडकं बांधलेलं, वर बाही ओढलेली. आणि तिसऱ्या टेबलावर एक फारच विचित्र गोष्ट. तपासणी करणारे सगळे जण भिंगांचा ट्रे डाव्या हाताला ठेवत. तिसऱ्या टेबलावरच्या मावशींचा ट्रे तेवढा उजवीकडे. मावशी कारखान्यातल्या सर्वांत जुन्या तपासनीस, त्यांच्या नजरेतून सुईच्या टोकाएवढा ओरखडा सुटत नसे. कुणी चुकून ट्रे डावीकडे ठेवला की शेजारचा पॉलिशवाला दादा हळूच उचलून उजवीकडे सरकवायचा. तोही, मावशीही, एक शब्द न बोलता.

"मावशी, तुमचा ट्रे उजवीकडे का?"

"सवय गं."

"डावखुऱ्या आहात का?"

"नाही."

"मग?"

मावशींनी ताईंकडे पाहायला अख्खी मान वळवली. नुसते डोळे नाही, अख्खी मान. "मग काही नाही. चहा पी."

त्याच आठवड्यात दर वर्षीची डोळे तपासणी होती. भिंगांचा कारखाना म्हटल्यावर कामगारांचे डोळे तपासावेच लागत. आदल्या दिवशी ताई हात धुवायला गेल्या, तर नळापाशी पाच-सहा जण उभे राहून ताल धरत होते. एक जण बादलीवर ठेका देत होता, आणि बाकीचे एका सुरात, "त म ग, र ल व! त म ग, र ल व!" चांगलं डोलत म्हणत होते हो, नामस्मरण करावं तसं.

"हे कसलं गाणं?" ताईंनी विचारलं.

"आमच्या कारखान्याचं राष्ट्रगीत!" दादा म्हणाला. सगळे फिसकन हसले आणि पांगले.

तपासणीची सामग्री काढून ठेवायचं काम ताईंकडेच होतं. अक्षरांचा जुना तक्ता घडीवर फाटला होता, कडा पिवळ्या पडलेल्या. ताई स्वतः बाजारात गेल्या आणि नवा घेऊन आल्या. वरचं मोठं अक्षर तेच, खालच्या ओळी वेगळ्या. भिंतीवर चार टाचण्या मारून त्यांनी तो लावला, आणि कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. शिरस्त्याप्रमाणे पहिला मान मालकांचा. ते चष्मा कपाळावर सरकवून, एका हातात फोन धरून उभे राहिले.

"पाचवी ओळ वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त, म, ग, र, ल, व," मालक खणखणीत आवाजात म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून तक्ता पाहिला. मग मालकांच्या कपाळावरचा चष्मा पाहिला. कागदावर एक खूण केली. "पुढचे या."

पहिलं टेबल आलं. "त, म, ग, र, ल, व." दुसरं आलं. "त, म, ग, र, ल, व." ताई तक्त्याच्या शेजारीच उभ्या. त्यांनी पाचवी ओळ वाचली. न, र, प, क, ब, ह. परत वाचली. डोळे चोळून परत वाचली. समोर एकामागून एक माणूस उभं राहत होतं, भिंतीकडे रोखून बघत होतं आणि तिथे नसलेली अक्षरं ठणठणीत वाचून दाखवत होतं! पॉलिशवाल्या दादाने वाचली. मावशींनीही वाचली. मिस्तरी आले, त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, गालात हसले आणि म्हणाले, "मला धूसर दिसतं, बाई. लिहून टाका."

शेवटी सहाव्या टेबलावरची, तीन महिन्यांपूर्वी लागलेली पॅकिंगवाली बाई आली. घाबरतच म्हणाली, "न... र... प, क, ब, ह."

सगळा कारखाना खो खो हसत सुटला.

"बाई, चष्मा लागला तुम्हाला!"

"अहो नीट बघा की, एक तरी अक्षर बरोबर सांगा!"

बिचारीचं तोंड उतरलं. तिने डोळे बारीक केले, परत पाहिलं. ती आता "त" म्हणणार, एवढ्यात डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

"थांबा! या बाई आणि मिस्तरी सोडून आज इथे एकाही माणसाने हा तक्ता वाचलेला नाही. मालक, तुम्हीसुद्धा!"

हसू जागच्या जागी थिजलं. मालकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, तक्त्यापाशी गेले, नाक भिंतीला टेकेल इतकं जवळ गेले. "हा... हा तक्ता कुणी बदलला?"

"मी," चौकशीताई म्हणाल्या. "जुना फाटला होता."

जुन्या तक्त्याची पाचवी ओळ सगळ्यांनी पाठ करून ठेवली होती, कारण डोळ्यांत दोष निघाला की दवाखाना, आणि दवाखाना म्हणजे रजा. मग खरी तपासणी झाली, एकेकाची, सावकाश. चष्मे बनवणाऱ्या त्या एकतीस माणसांपैकी अकरा जणांना चष्म्याची गरज निघाली. तिसऱ्या टेबलाची पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मावशींना समोर बघायला सांगितलं, आणि आपलं बोट डाव्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांगा." बोट कानापासून निघालं, गालापर्यंत आलं. मावशी गप्प. नाकासमोर येऊन ठेपलं, तेव्हा म्हणाल्या, "आता दिसलं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला. "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आठ महिने झाले. दवाखान्यात काचबिंदू म्हणाले, ऑपरेशन करून घ्या म्हणाले. दोन-तीन आठवडे विश्रांती सांगितली."

"मग केलं का नाही? बाई, यात गेलेली नजर परत येत नाही! उरलेली वाचवायची असते. असेच आणखी सहा महिने काढलेत तर तीही जाईल."

 उत्तर मालकांनी दिलं, आणि ते रागाचं होतं. सगळ्यांसमोर आपली फजिती झाली, तो राग कुठेतरी काढायचा होताच.

"म्हणजे आठ महिने तुम्ही मला फसवत होतात! तपासणाऱ्यालाच दिसत नसेल तर माझ्या मालाचं काय? उद्यापासून येऊ नका, मावशी. घरी बसा!"

मावशींनी भिंग पुसायच्या फडक्याची घडी केली, दिव्याखाली ठेवली आणि भिंत चाचपत बाकावर जाऊन बसल्या. चौकशीताईंना वाटलं, आपण एक तक्ता काय बदलला आणि एका बाईची नोकरी गेली! आता डोळाही जाणार. नोकरी गेल्यावर ऑपरेशन कशाच्या जोरावर करायचं?

त्या यंत्रांच्या खोलीत गेल्या आणि मिस्तरींसमोर रडकुंडीला आल्या. "काका, मी कशाला नाक खुपसलं?"

"रडू नकोस," मिस्तरी म्हणाले. "तू प्रश्न अर्धा विचारलास, म्हणून बोचतोय. 'काय चाललंय' हे विचारलंस. आता 'का चाललंय' हेही विचार. आणि माझ्यासमोर नको, तिकडे सगळ्यांसमोर विचार. चल, मी येतो बरोबर."

"तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

 "भ्यालो. माझंही वय झालंय, पोरी. ही माझी चूकच. आज ती धुवून काढू."

दोघं बाहेर आले. ताईंचा आवाज आधीच बारीक, त्यात कापरा. पण त्यांनी थेट पॉलिशवाल्या दादाला विचारलं, "दादा, तुम्ही मावशींचा ट्रे उजवीकडे सरकवत होतात. तुम्हाला कळलं होतं. तरी त्यांना दवाखान्यात का जाऊ दिलं नाहीत?"

दादा उसळलाच. "मी नाही जाऊ दिलं? मी काय दोरीने बांधून ठेवलं होतं त्यांना?"

"'वर्षअखेरपर्यंत कळ काढा' असं कोण म्हणालं होतं रे?" बाकावरून मावशी हळूच बोलल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागला.

दादाचा चेहरा पडला. हातातलं भिंग त्याने खाली ठेवलं. "म्हणालो. मी म्हणालो. काय करू? माझी आई लांब राहते, एकटी. ते चार दिवस मिळतात तेवढ्यात तिला भेटून येतो. जायला एक, यायला एक, मध्ये दोन दिवस आईजवळ. मावशींनी रजा घेतली असती तर या वर्षी तेही गेले असते. आणि पुढच्या वर्षी आई..." 

 मग मिस्तरी मालकांकडे वळले.

"मालक, तुम्ही वडिलांचं बोट धरून इथे यायचात तेव्हापासून ओळखतो तुम्हाला. राग मानू नका. हे दोघं वाईट आहेत का सांगा. ती बाई आपल्या पाच माणसांची सुट्टी जाऊ नये म्हणून डोळा घालवायला निघाली. हा मुलगा आईसाठी जीव टाकतो, आणि तरीही मावशींचा ट्रे आठवणीने सरकवतो. दोघंही देवमाणसं. पण तुमच्या नियमाने एका पारड्यात एकीचा डोळा टाकला आणि दुसऱ्यात दुसऱ्याची आई! त्यांनी आता काय निवडायचं? तुम्ही निवडून दाखवा!"

"मी लोकांना आळशी होऊ द्यायचं नाही म्हणून..." मालक चाचरले.

"मालक, चाक तापलं तर मी ते बंद करतो. तुम्ही मला कधी विचारलंत का, की शेजारच्या चार चाकांना याची शिक्षा देऊ का म्हणून? लोखंडाला कळा असतात हे आपण मानतो. हाडामांसाला नसतात? देवाने दोन डोळे दिले, एकाने आपलं काम बघावं, एकाने शेजारी बघावा. आपण सगळ्यांनी दोन्ही डोळे त्या फलकाला लावून ठेवले. मीसुद्धा!"

मालक स्टुलावर बसले.  मग जे बोलले ते जवळजवळ स्वतःशीच. "पण मला एकानेही सांगितलं नाही. तीस माणसं, एकानेही नाही!"

"मालक," चौकशीताई म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलंत का?"

साधा प्रश्न! पण तो असा काही बसला म्हणता! मालकांनी मान वर केली. समोर सहा वर्षांची ओळखीची माणसं, आणि एकाही माणसाला काय होतंय हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना त्या क्षणी दिसलं. पाचवी ओळ नव्हे, समोरचा माणूस आपण वाचला नाही! ते उठले, स्टूल उचललं आणि पहिल्या टेबलापाशी जाऊन बसले.

"तुम्हाला काय होतंय?" त्यांनी पहिल्या माणसाला विचारलं.

"काही नाही, मालक."

"खरं सांगा. मी नुसतं ऐकणार आहे."

माणसाने शेजाऱ्याकडे पाहिलं. "खोकला. पॉलिशच्या पावडरीने. तीन वर्षं."

मग धरण फुटावं तसं झालं. मनगट, गुडघे, कंबर, साखर. एकीला चौथा महिना लागला होता आणि तिने घट्ट ओढणीखाली झाकून ठेवला होता. ती सांगताना रडली आणि बाकीच्या बायकांनी आधी तिला मिठी मारली, मग "आम्हाला का नाही सांगितलंस गं?" म्हणून चांगलं फैलावर घेतलं. मालक एकेका टेबलापाशी स्टूल सरकवत होते. दोन तास चाकं बंद राहिली. कारखान्याच्या इतिहासात त्या दिवशी सर्वांत कमी भिंगं तयार झाली असतील, आणि सर्वांत जास्त माणसं दिसली.

तिसऱ्या टेबलापाशी आल्यावर मालकांनी हात जोडले. "मावशी, घरी बसा म्हणालो ते मागे घेतो. ऑपरेशनला जा. जागा तुमचीच आहे, रजेचा पगारही मिळेल."

"आणि यांची सुट्टी?" मावशींनी दादाकडे बोट केलं. बघा मंडळी, त्या वेळेलासुद्धा!

"ज्याची रजा त्याची. आजपासून कुणाच्या आजारपणाची शिक्षा दुसऱ्याला नाही."

नियम नव्याने लिहायला चौकशीताई बसल्या. ते काही एका दिवसात झालं नाही. लोकांनी आजारपणाला वर्षाला पंधरा दिवस मागितले, मालक दहावर अडून बसले, घासाघीस होऊन गाडी बारावर थांबली. ऑपरेशनसारख्या मोठ्या दुखण्याला वेगळी रजा, बाळंतपणाची रजा, आणि ज्याची त्याला वार्षिक सुट्टी. खोकल्यासाठी मागितलेला धूळ ओढणारा पंखा "बघू" वरून दोन महिने हलला नाही. ताई रोज विचारत राहिल्या तेव्हा कुठे आला. फलक उतरवताना मालकांनी आपला फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "खरं सांगू? त्यातली दोन वर्षं माझी पाठ अशी दुखत होती की बूट घालायला बायको लागायची."

मावशींचं ऑपरेशन झालं. बरोबर दादा गेला, स्वतःच्या रजेतून. मावशींच्या डोळ्यांत थेंब घालताना त्याची अशी धांदल उडाली की त्या म्हणाल्या, "अरे, डोळ्यात घाल, कानात नको." गेलेली नजर आली नाही. उरलेली वाचली.

तीन आठवड्यांनी मावशी सकाळी दारात उभ्या राहिल्या. चाकं थांबली, सगळे गोळा झाले. मालक पुढे आले.

"या मावशी! रजा पुरली ना?"

मावशी क्षणभर थांबल्या. सगळ्या आयुष्याची सवय "हो, पुरली" म्हणायची होती. ओठांवर ते आलंही असेल. पण त्या म्हणाल्या, "नाही, मालक. नाही पुरली. डॉक्टर म्हणतात, दिव्यासमोर बसायला अजून एक आठवडा नको."

  इतक्या वर्षांची सवय मालकांनाही होतीच. मग ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "मग आज आलात कशाला? जा बघू घरी! दादा, यांना रिक्षात बसवून ये."

मावशी हसल्या आणि खरोखरच परत फिरल्या.

वाचकहो, आपल्यातला प्रत्येक जण कुठे मालक आहे, कुठे मावशी, कुठे दादा. घरात, कचेरीत, दुकानात कुणीतरी आपल्यासमोर पाठ केलेलं उत्तर देत असतं, "मी ठीक आहे," आणि आपल्याला सोयीचं असतं म्हणून आपण ते खरं मानतो. जिथे दुखणं सांगायची भीती वाटते, तिथलं आरोग्य खोटं असतं. माणसाची रजा ही कुणाची मेहेरबानी नाही, त्याच्या कामाचाच तो भाग आहे. म्हणून उद्या कामावर गेलात की शेजारच्याला एकदा विचारा, काय होतंय? आणि विचारल्यावर जरा थांबा. खरं उत्तर यायला वेळ लागतो.